बस्त्यांपासून सर्व्हरपर्यंत : वकिली कार्यालयातील दस्तऐवज-संग्रहाची आखणी, उभारणी आणि देखभाल

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील एखाद्या जुन्या वकिली कार्यालयात गेले की भिंतीच्या कडेने कापडात बांधलेले बस्ते दिसतात. हवा तो कागद नेमका कोणत्या बस्त्यात आहे हे बहुधा एकट्या कारकुनालाच ठाऊक असते. तो कारकून लग्नाच्या हंगामात आठ दिवस रजेवर गेला की सगळे कार्यालय अडून बसते. हे दस्तऐवज स्कॅन करून, त्यांची व्यवस्थित नोंद करून, कार्यालयातल्या कोणालाही आपल्या टेबलावरून शोधता येतील अशा डेटाबेसमध्ये ठेवण्याची इच्छा अलीकडे बरेच जण व्यक्त करतात. चार ते पंधरा जण काम करीत असलेले कार्यालय किंवा तालुक्याच्या वकील संघाचे ग्रंथालय डोळ्यासमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. मी वकील नाही. अशा कार्यालयांची संगणक-यंत्रणा बसवणे आणि सांभाळणे हे माझे काम आहे.

बहुतेक जण सुरुवात सर्व्हरच्या दरपत्रकापासून करतात, आणि माझ्या मते तिथेच पहिली चूक होते. सर्व्हर पाच-सात वर्षांत बदलावाच लागतो, सॉफ्टवेअर कदाचित त्याच्याही आधी बदलते. वाटणीचा दावा मात्र या दोघांनाही पुरून उरतो. म्हणून आखणी कागदांपासून सुरू करावी आणि यंत्राचा विचार शेवटी करावा.

कागदांची मोजदाद

पहिल्या आठवड्यात कोणतेही यंत्र न घेता केवळ मोजणी करावी. चालू प्रकरणे किती, निकाली निघालेली पण जपून ठेवायची किती, आणि एका प्रकरणात सरासरी किती पाने आहेत, एवढे तीन आकडे पुरतात. सगळे बस्ते उघडण्याची गरज नाही. वेगवेगळ्या वर्षांतील वीस बस्ते काढून त्यांतील पाने मोजली तरी अंदाज ठीक येतो.

समजा ४,००० प्रकरणे आहेत आणि प्रत्येकात सरासरी ६० पाने आहेत, म्हणजे एकूण २,४०,००० पाने झाली. दर इंचाला ३०० बिंदू या घनतेने कृष्णधवल स्कॅन केल्यास एक पान ढोबळमानाने १०० केबीच्या आसपास बसते, त्यामुळे सगळा संग्रह २४ जीबीत मावतो. तीच पाने रंगीत स्कॅन केली आणि पानाला १ एमबी धरले, तर २४० जीबी लागतात. दोन्ही आकडे आजच्या डिस्कच्या मानाने लहान आहेत. जागेची चिंता वाटते तेवढी मोठी नसते हे या हिशेबाने लवकर कळते, आणि खरा खर्च स्कॅनिंगच्या व नोंदणीच्या मनुष्यतासांचा आहे हेही लक्षात येते. साधी कैफियत, अर्ज, रोजनाम्याच्या नकला कृष्णधवल चालतात. शिक्के, अंगठे, शाईच्या सह्या आणि मुद्रांकावरील खते मात्र रंगीतच घ्यावीत, कारण शिक्का निळा होता की जांभळा यावरूनही कधी कधी वाद होतो.

मोजताना भाषा आणि लिपीचीही टिपण करावी. खानदेशातल्या बस्त्यांत मराठी आणि इंग्रजी तर असतेच, नंदुरबार-नवापूर पट्ट्यात अधूनमधून गुजराती कागद निघतो, आणि जुन्या घराण्यांच्या जमिनींच्या प्रकरणांत मोडीतली खतेही निघतात. नेहमीची अक्षर-ओळख प्रणाली (स्कॅनमधला मजकूर वाचणारे सॉफ्टवेअर, ओसीआर) मोडी वाचत नाही. अशा कागदाचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन ते मूळ प्रतिमेच्या सोबत जोडावे, आणि तेही शक्य नसेल तर निदान पक्षकारांची नावे, गाव आणि वर्ष हाताने नोंदवावे.

स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये, हे वेगळे सांगावे लागू नये. तरीही सांगतो, कारण कपाट रिकामे झाल्याचा आनंद माणसाला धाडसी बनवतो.

नोंदीचे रकाने

संग्रहाची खरी गुणवत्ता इथे ठरते, म्हणून या टप्प्याला दोन-तीन बैठका द्याव्यात, आणि त्या बैठकीला ज्येष्ठ वकिलांइतकेच कारकुनालाही बसवावे.

केवळ मुकदमा नंबर हा प्रकरणाची ओळख म्हणून पुरत नाही. रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) १४५/२०१९ अमळनेरलाही असू शकतो आणि चोपड्यालाही. म्हणून न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष असे चार वेगळे रकाने करावेत, आणि ई-कोर्ट्स प्रणालीतील १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर तो पाचवा. दिवाणी दाव्याचे पुढे जिल्हा न्यायालयात अपील होते, मग दुसरे अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते, आणि निकालानंतर दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) पुन्हा खालच्या न्यायालयात येते. या प्रत्येक टप्प्याला वेगळा क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये ही प्रकरणे एकमेकांना जोडण्याची सोय नसेल, तर कार्यालयाचा स्वतःचा एक कायम क्रमांक द्यावा आणि सगळ्या टप्प्यांवर तोच लिहावा.

स्थळनामांची गोष्ट आपल्या भागात विशेष त्रासाची आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या शहादा, तळोदा, अक्कलकुवा, नवापूरच्या प्रत्येक कागदावर ‘जिल्हा धुळे’ आहे. त्याहून जुन्या खतांवर ‘पश्चिम खानदेश’ आणि जळगावकडच्या खतांवर ‘पूर्व खानदेश’ सापडते. खंडपीठाच्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, पण खंडपीठाचा उल्लेख कागदोपत्री औरंगाबाद म्हणूनही येत राहतो. कागदावर जे लिहिले आहे ते बदलू नये, परंतु नोंदीत आजचा जिल्हा व तालुका ठरावीक यादीतून निवडण्याचा वेगळा रकाना ठेवावा. असे केले नाही तर शहाद्याची निम्मी प्रकरणे धुळ्याखाली आणि निम्मी नंदुरबारखाली दिसतील.

जमिनीच्या प्रकरणांत सर्व्हे नंबर आणि गट नंबर असे दोन रकाने अनिवार्य करावेत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजोबांच्या नावाचे खरेदीखत एका आकड्याने आणि नातवाचा सातबारा दुसऱ्याच आकड्याने निघतो. हे दोन आकडे एकत्र आणणारी नोंद एकदा झाली की पुढच्या ज्युनिअरचे कित्येक तास वाचतात. फेरफार क्रमांक आणि दस्त नोंदणीचा क्रमांक व वर्ष हेही ठेवावेत.

फौजदारी बाजूला कलमांचा गोंधळ आहे. १ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम) लागू झाले, त्यामुळे नुसते ‘कलम ४८२’ असे नोंदवले तर ते संदिग्ध ठरते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहेत. आणि नव्या संहितेतले ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी कलम ४३८ खाली मागितला जाई. म्हणून कायद्याचे नाव आणि कलम हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत.

शेवटचा रकाना दस्तऐवजाच्या हॅश मूल्याचा. फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला हा एक प्रकारचा ठसा असतो. एसएचए-२५६ पद्धतीने तो ६४ चिन्हांचा येतो, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण ठसा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हे मूल्य लिहावे लागते. पक्षकाराने पेन ड्राइव्हवर आणून दिलेली ध्वनिफीत किंवा छायाचित्र संग्रहात घेतानाच त्याचा ठसा काढून ठेवला, तर दोन वर्षांनी ‘ही तीच फाइल आहे का’ या प्रश्नाला उत्तर देता येते. नंतर काढलेल्या ठशाला ते सामर्थ्य नसते.

फाइलांची नावे आखूड ठेवावीत. लिनक्सवर फाइलचे नाव २५५ बाइटांपर्यंत चालते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम ८५ चिन्हे हाती राहतात. वादी-प्रतिवादींची संपूर्ण नावे फाइलच्या नावात भरणाऱ्या कार्यालयाला ही मर्यादा पहिल्याच महिन्यात भेटते.

सॉफ्टवेअरची निवड

मुक्तस्रोत पर्यायांत पेपरलेस-एनजीएक्स आणि मायान ईडीएमएस ही नावे घेता येतील. विकत मिळणारी उत्पादनेही पुष्कळ आहेत. उत्पादन कोणतेही असो, विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. सगळे दस्तऐवज आणि त्यांच्या सगळ्या नोंदी एकाच वेळी, साध्या फाइलांच्या रूपात बाहेर काढता येतात का? परवाना नावानिशी आहे की एका वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येवर? आणि डेटाबेस कोणता आहे, त्याचा बॅकअप आपण स्वतः घेऊ शकतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘आमचा माणूस येऊन काढून देईल’ असे आले, तर नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

एका वेळच्या वापरावर परवाना असेल, तर मोजणी सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यानची धरावी. दुपारी सगळे न्यायालयात असतात आणि तेव्हा तीन परवाने पुरेसे वाटतात. पण सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून सगळे एकदम फाइली उघडतात, आणि चौथ्या माणसाला दार बंद दिसते.

न्यायनिर्णयही याच संग्रहात ठेवायचे असतील, तर एक कायदेशीर बाब ध्यानात घ्यावी. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(क्यू) मुळे न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर न्यायनिर्णयाचे पुनर्मुद्रण उल्लंघन ठरत नाही. परंतु प्रकाशकाने स्वतः लिहिलेली शीर्षटिपणे आणि केलेली संपादकीय मांडणी यांना संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. सर्वोच्च न्यायालयाचे प्रकाशित निर्णय २०२३ पासून ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहावर विनाशुल्क मिळतात. पक्षकारांचे दस्तऐवज आणि न्यायनिर्णय यांचे विभाग वेगळे असावेत, कारण दुसरा विभाग सगळ्यांना खुला ठेवता येतो आणि पहिला ठेवता येत नाही.

जागा, ऊन आणि वीज

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, हे पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला सांगून कळत नाही. सर्व्हरमध्ये ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश असावे अशी सर्वसाधारण शिफारस आहे, आणि बऱ्याच सर्व्हरांची चालवण्याची मर्यादा ३५ अंशांची असते. गच्चीखालच्या खोलीत, पत्र्याच्या पोटमाळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून सर्व्हर ठेवला, तर रात्री नऊलाही ती मर्यादा ओलांडलेली असते. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, सर्वांत कंटाळवाणी खोली निवडावी. जुन्या धाब्याच्या घरात असलेली कार्यालये आतून सुखद गार असतात खरी, पण तिथे छतातून बारीक माती झडत राहते. तशा ठिकाणी सर्व्हरवर जाळीचे कपाट आणि महिन्यातून एकदा ब्लोअर, या दोन्हींची गरज असते.

वातानुकूलक असेल तर वीज गेल्यावर तो बंद पडतो आणि सर्व्हर मात्र यूपीएसवर चालू राहतो, या विसंगतीकडे लक्ष द्यावे. बंद खोलीत अर्ध्या तासात तापमान चढते. म्हणूनच यूपीएसचा हेतू सर्व्हर तासन्‌तास चालवणे हा मानू नये. तो व्यवस्थित बंद होण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे मिळवणे एवढाच मानावा.

हिशेब सोपा आहे. सर्व्हर २५० वॅट, बॅकअपची पेटी ६० वॅट, स्विच आणि राउटर मिळून ४० वॅट, असे ३५० वॅट झाले. एक केव्हीएचा, ०.८ शक्तिगुणकाचा यूपीएस ८०० वॅट देतो, म्हणजे भार निम्म्याहून कमी राहतो आणि हे प्रमाण योग्य आहे. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नये. वीज बदलताना त्याला लागणारा क्षण कित्येक सर्व्हर सोसत नाहीत. संकुलात जनित्र असेल, तर ‘ऑनलाइन’ प्रकारचाच, म्हणजे सतत स्वतःतूनच वीज देणारा, यूपीएस घ्यावा. यूपीएसला यूएसबीची तार असते. ती सर्व्हरला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की सर्व्हर आपोआप बंद होईल अशी रचना करावी. ही तार खोक्यातच राहिलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर रावेर-यावलकडे केळी आडवी करणारी वादळे येतात, तेव्हा ताराही तुटतात आणि दाबाचे धक्के येतात. अर्थिंग वीजतंत्रीकडून मोजून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टांपेक्षा अधिक भरत असेल, तर सर्व्हर जोडण्याआधी तो दोष दूर करावा. इंटरनेटची तांब्याची तार बाहेरून येत असेल तर तिच्यातूनही विजेचा धक्का आत येतो. फायबर असेल तर हा मार्ग बंद होतो.

यंत्र

इथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. चार ते आठ गाभ्यांचा प्रोसेसर, ईसीसी प्रकारची (चूक स्वतः दुरुस्त करणारी) १६ किंवा ३२ जीबी स्मृती, आणि एकमेकांची प्रत ठेवणाऱ्या दोन एसएसडी, एवढ्यावर पंधरा माणसांचे काम निभते. अक्षर-ओळखीचे काम प्रोसेसरला दमवते, पण ते रात्री लावता येते. कार्यालयातील तारजोडणी कॅट-६ ची असावी आणि सर्व्हर वाय-फायवर नसावा.

उभारणीचा क्रम

उभारणीसाठी न्यायालयाच्या सुट्ट्या सोयीच्या असतात. उन्हाळी सुट्टी मोठी असते म्हणून लोक ती निवडतात. मी दिवाळीची सुचवतो. मे महिन्यात ऊन, वीज आणि लग्ने या तिन्हींशी एकदम झगडावे लागते.

प्रथम कार्यप्रणाली बसवावी. दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती घ्यावी. उदाहरणार्थ, उबंटू २४.०४ ला एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे नेहमीची सुरक्षा-सुधारणा मिळते. त्यानंतर सर्व्हरला कायमचा अंतर्गत पत्ता (आयपी) द्यावा आणि तो राउटरमध्येही राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्यांची संगणके सर्व्हरला शोधत बसतात. घड्याळ इंटरनेटवरील वेळेशी जुळवून भारतीय प्रमाणवेळेवर ठेवावे. कोणता दस्तऐवज कोणी केव्हा चढवला याची नोंद पुढे पुराव्यात येऊ शकते, आणि तिथे पाच मिनिटांचा फरकही अवघड जातो.

यानंतर डेटाबेस. पोस्टग्रेएसक्यूएल घेतल्यास त्याच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार असतो. डेटाबेस तयार करताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडावा. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर ‘यूटीएफ८एमबी४’. हे नंतर बदलता येते, पण त्या दिवशी आपण सुखी नसतो. डेटाबेसचा ५४३२ हा पोर्ट (जोडणीचे दार) केवळ सर्व्हरच्या आतून उघडा असावा. वापरणाऱ्यांनी अनुप्रयोगातूनच, म्हणजे निवडलेल्या संग्रह-सॉफ्टवेअरमधूनच यावे.

मग अनुप्रयोग बसवावा. तो मुख्य प्रशासकाच्या खात्याने न चालवता त्याच्यासाठी स्वतंत्र, कमीत कमी अधिकारांचे खाते काढावे. दस्तऐवजांची घडी (फोल्डर), डेटाबेसची घडी आणि बॅकअपची घडी अशा तीन जागा वेगळ्या असाव्यात.

आणि इथे थांबावे. लगेच चार हजार प्रकरणे चढवायला घेऊ नयेत. मुद्दाम अवघड निवडलेले पन्नास दस्तऐवज घ्यावेत: एक फिकट कार्बन प्रत, एक मोडी खत, एक दोनशे पानांचे दोषारोपपत्र, एक आडवा सातबारा, एक शिवलेला बस्ता ज्याची डावी बाजू स्कॅनमध्ये कापली जाते. हे पन्नास दस्तऐवज तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी शोधून पाहावेत. त्या दोन दिवसांत किमान दोन रकाने बदलावे लागतात असा माझा अनुभव आहे, आणि पन्नास नोंदी बदलणे हे चार हजार बदलण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.

मराठी मजकुराचा शोध

सगळ्यात जास्त निराशा या टप्प्यावर होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टेसरॅक्ट या मुक्तस्रोत अक्षर-ओळख प्रणालीला मराठी येते, परंतु तिचा मराठी भाषासंच वेगळा बसवावा लागतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकत्र निवडावे. स्वच्छ छापील पानावर निकाल चांगला मिळतो. तलाठ्याच्या हस्ताक्षरावर मिळत नाही. म्हणून हस्तलिखित कागदांचा शोध केवळ नोंदीच्या रकान्यांवरच अवलंबून राहील, हे गृहीत धरावे.

यापेक्षा कपटी अडचण जुन्या टंकांची (फॉन्टची) आहे. कार्यालयाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या टंकांत टंकलेखन केले असेल आणि त्याची पीडीएफ केली असेल, तर पडद्यावर सुवाच्य मराठी दिसते, पण आतला मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांची खिचडी असतो. अक्षर-ओळख प्रणालीला ‘इथे मजकूर आधीच आहे’ असे वाटते आणि ती ते पान वगळून पुढे जाते. परिणामी कार्यालयाचे स्वतःचे सर्वांत स्वच्छ, संगणकावर तयार झालेले दावे शोधात कधीच येत नाहीत, आणि फिकट झेरॉक्स मात्र सापडते. यावर उपाय असा, की अशा फाइली वेगळ्या काढून त्यांच्यावर आतला मजकूर दुर्लक्षून सक्तीने अक्षर-ओळख चालवावी. ओळखण्याची खूण सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ उचलून कोऱ्या पानावर चिकटवावी आणि मराठी उमटते का ते पाहावे.

युनिकोडमध्येही सारखे दिसणारे शब्द वेगळे असू शकतात. ‘ॲडव्होकेट’मधला पहिला स्वर एका चिन्हाने लिहिला जातो, किंवा ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिला जातो, डोळ्याला फरक कळत नाही, संगणकाला कळतो. ‘शेतकऱ्याचा’ यातील अर्ध्या रकाराचेही असेच दोन मार्ग आहेत. मजकूर आत घेताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळा एकच रूप करणारी पायरी सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे तपासावे. आकड्यांचेही तसेच: कोणी १४५ देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये. रकान्यांत एकच पद्धत सक्तीची करावी.

मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे ‘न्यायालय’ शोधले तर ‘न्यायालयाने’ आणि ‘न्यायालयात’ सापडतीलच असे नाही. सॉफ्टवेअरला मराठी रूपे समजत नसतील, तर शब्दाचा न बदलणारा आरंभ देऊन शोधण्याची सवय लावावी. वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यात ‘रस्ता’ न देता ‘रस्त’ एवढेच द्यावे, म्हणजे ‘रस्त्याने’ आणि ‘रस्त्यावर’ही येतात. नावांच्या बाबतीत पाटील की पाटिल, चौधरी की चौधरि, असा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ जुन्या कागदांत सर्रास असतो. तिथे पक्षकाराची एक प्रमाण नोंद आणि तिच्याखाली इतर लेखनभेद, ही पद्धत टिकाऊ ठरते.

अधिकार आणि बाहेरून प्रवेश

प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. ‘ऑफिस’ नावाचे एकच खाते आणि भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड, ही व्यवस्था गोपनीयतेचे जे कर्तव्य वकिलावर आहे त्याच्याशी विसंगत आहे. कारकुनाला नोंद करता यावी पण पुसता येऊ नये. पुसण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा, आणि तोही लगेच नष्ट न होता तीस दिवस कचरापेटीत राहील अशा रीतीने. कौटुंबिक प्रकरणे आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांची प्रकरणे केवळ नेमलेल्या व्यक्तींनाच दिसावीत. कोणी कार्यालय सोडले, की त्याच संध्याकाळी खाते बंद करावे. संबंध कितीही चांगले असोत.

न्यायालयातून लॅपटॉपवर फाइल उघडता यावी ही मागणी येणारच. त्यासाठी राउटरमध्ये सरळ पोर्ट उघडून देणारे तंत्रज्ञ भेटतात, आणि ते काम पाच मिनिटांत होते हे खरे. पण त्याच दारातून जगभरातील कोणीही ठोठावू लागतो. त्याऐवजी वायरगार्डसारख्या व्हीपीएनची (इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी मार्गाची) किल्ली प्रत्येक लॅपटॉपला वेगळी द्यावी आणि लॅपटॉप हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करावी.

बॅकअप

दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतात म्हणजे बॅकअप झाला, हा समज काढून टाकावा. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम आजही पुरेसा आहे. प्रत्यक्षात दोन बाह्य डिस्क घ्याव्यात; एक आठवडाभर जोडलेली, दुसरी ज्येष्ठ वकिलांच्या घरी, आणि दर शनिवारी अदलाबदल. न जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूला सापडत नाही. डिस्क कूटबद्ध (किल्लीशिवाय न वाचता येणारी) असावी, कारण ती स्कूटरच्या डिकीतून प्रवास करणार आहे.

बॅकअपमध्ये डेटाबेस आणि दस्तऐवजांची घडी दोन्ही, एकाच रात्रीच्या, असाव्यात. एका कार्यालयात माझ्याच हातून ही चूक झाली. सात महिने रोज ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश येत होता, आणि डिस्क निकामी झाल्यावर कळले की त्यात केवळ डेटाबेस होता. प्रत्येक प्रकरणाची नोंद, तारीख, पानांची संख्या सगळे परत आले. कागद एकही आला नाही. स्कॅनिंगच्या संगणकावर मूळ फाइली कोणी पुसल्या नव्हत्या म्हणून आम्ही वाचलो. तेव्हापासून मी संदेशावर विश्वास ठेवत नाही. दर तीन महिन्यांनी एका रिकाम्या संगणकावर बॅकअप उतरवतो, कारकुनाला कोणतेही दहा दस्तऐवज उघडायला सांगतो, आणि किती वेळ लागला तो वहीत लिहितो.

देखभालीचे वेळापत्रक

रोज सकाळी कोणीतरी एकाने दोन गोष्टी पाहाव्यात: रात्रीचा बॅकअप झाला का आणि डिस्क किती भरली आहे. भरणा ८० टक्क्यांवर गेला की नवी डिस्क मागवावी. ९५ टक्क्यांवर डेटाबेस लिहिणे थांबवण्याच्या बेतात असतो. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, आधी बॅकअप घेऊन सुधारणा बसवाव्यात. मोठी आवृत्ती बदलायची असेल तर प्रथम त्याच पन्नास दस्तऐवजांच्या चाचणी-प्रतीवर करून पाहावे. वापरणाऱ्यांच्या संगणकांकडेही पाहावे: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि त्यावर सुरू असलेला टायपिस्टचा संगणक हा बहुधा सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा असतो.

यूपीएसच्या बंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ते ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे माहितीपत्रकात चार वर्षे लिहिलेली बॅटरी आपल्याकडे दोन-अडीच वर्षांत बदलायची तयारी ठेवावी. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सर्वांना काम जतन करायला सांगून, यूपीएसची भिंतीवरची कळ बंद करावी आणि सर्व्हर आपोआप नीट बंद होतो का ते घड्याळ लावून पाहावे.

याच दिवशी सगळा संग्रह बाहेर काढून पाहण्याचे कामही उरकावे. दस्तऐवज पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार) रूपात, नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, आणि हे दोन्ही अशा लॅपटॉपवर उघडावे ज्यावर आपले सॉफ्टवेअर बसवलेलेच नाही. प्रशासकाचे पासवर्ड, कूटबद्ध डिस्कची किल्ली, व्हीपीएनची मांडणी आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाखेची मोहर लावून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा, आणि दर एप्रिलला जुने पाकीट फोडून त्यातला प्रत्येक पासवर्ड खरोखर चालतो का ते पाहून नवे पाकीट बांधावे.